मार्चमध्ये स्कायला कोण जातं

माझ्या मुलीने बाळंतपणाच्या नवव्या दिवशी मला विचारलं, "आई, स्कायला जायला बेस्ट सीझन कुठला?"

स्काय म्हणजे स्कॉटलंडचं एक बेट. डोंगर, समुद्र, मेंढ्या आणि सदानकदा पाऊस. लग्न झाल्यापासून ती आणि जावई तिथे जायचं म्हणत होते. पण ती शिकागोत हायस्कूलला फिजिक्स शिकवते, आणि शिक्षकांना मोठी सुट्टी फक्त उन्हाळ्यात. उन्हाळ्यात तिथे बारीक चावरी चिलटं असतात, गर्दी असते, म्हणून दरवर्षी जाणं राहून जायचं. आता ती बाळंतपणाच्या रजेवर होती. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, सगळे महिने पहिल्यांदाच मोकळे पडले होते.

बाळ नव्हतं. हे आत्ताच सांगून टाकते, उगाच पुढे कुणाला ठेच लागायला नको. तेहेतिसाव्या आठवड्यात पोटातच गेलं. मुलगी होती. जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी माझ्या मुलीला हालचाल जाणवली नाही, संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ती रीतसर बाळंत झाली. शाळेने कळवलं की रजा ठरल्याप्रमाणेच घे. चांगली माणसं आहेत, पण त्या निरोपाचं काय करायचं ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

जावयाचा फोन आला तेव्हा मी तिच्यापासून विमानाने चार तासांवर, सनीव्हेलला ऑफिसात होते. मी चिपचं व्हेरिफिकेशन करते, म्हणजे चिप बनायच्या आधी तिच्यातल्या चुका शोधून काढायच्या. एकवीस वर्षं हेच करते आहे आणि त्यात मी वाकबगार समजली जाते. फोन झाल्यावर मी समोरचं काम पुरं केलं, मेल पाठवली, कपातली उरलेली कॉफी सिंकमध्ये ओतली, कप धुतला. मग नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो रडायला लागला. मला रडू आलं नाही. मी म्हटलं, तिकीट काढ आणि माझी बॅग खाली काढून ठेव.

ती बॅग निम्मी भरलेलीच होती. फेब्रुवारीच्या अखेरीस मी जाणारच होते, लेकीचं पहिलं बाळंतपण करायला. आमच्याकडे ते आईनेच करायचं असतं. माझं माझ्या आईने केलं, तिचं तिच्या आईने. बॅगेत मऊ सुती लुगड्यांचे धुतलेले तुकडे होते, पोट बांधायचा लांब पट्टा होता, तेलाची बाटली होती. बाळाच्या झबल्यांची पिशवी तेवढी मी बाहेर काढून कपाटात ठेवली. बाकी सगळं तसंच घेऊन निघाले.

विमानात मी एकाच गोष्टीचा विचार करत होते, की सव्वा महिना करायचं का पंधरा दिवसांत आवरतं घ्यायचं. दुसरं काही डोक्यात आलंच नाही. पोहोचल्यावर मुलीने दार उघडलं, मला बघितलं, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तशीच उभी राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हटलं, "चल, आत चल, गार वारा लागेल." बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत, ते तोंडात बसलेलं होतं.

आणि मी तिचं बाळंतपण सुरू केलं.

लोकांनी नावं ठेवली, मला माहीत आहे. महाराष्ट्र मंडळातल्या एका मावशींचा फोन आला. म्हणाल्या, "अगं, आता कशाला ते तेलबिल? पोरीला जरा शांत राहू दे." मी म्हटलं, "मावशी, बाळ गेलंय. बाळंतिणीची हाडं आहेत तिथेच आहेत." आणि फोन ठेवला. तोंडाची फटकळ आहे मी, पहिल्यापासून. पण मला अजूनही वाटतं, त्या बाबतीत माझं चुकलं नव्हतं. बाई बाळंत झालीच होती. कंबर दुखत होती, पोट सुटलं होतं, टाके होते. बाळ नाही म्हणून त्या शरीराने काय करायचं?

चौथ्या दिवशी जावयाची गाडी घेऊन मी डेव्हन ॲव्हेन्यूला गेले. तिथे सगळं देशी मिळतं. पार्किंग मिळायला वीस मिनिटं लागली आणि त्या वीस मिनिटांत माझ्या मनात नुसती यादी चालू होती. डिंक, खारीक, सुकं खोबरं, मेथीदाणे, अळीव, बाळंतशेपा, ओवा, वावडिंग. माझ्या आईने मला हीच यादी शिकवली होती आणि मी ती पाढ्यासारखी पाठ केली होती. पाढा म्हणताना आपण बारा सक किती याचा विचार करत नाही, तसंच झालं माझं.

दुकानदार म्हातारा होता, गुजराती असावा. सामान बघूनच त्याने ओळखलं. हिंदीत म्हणाला, "बहेनजी, बेटा हुआ के बेटी?"

मी म्हटलं, "बेटी."

"लक्ष्मी आयी," तो म्हणाला, आणि काचेच्या कपाटातून दोन पेढे काढून कागदात बांधून दिले. मेरी तरफ से, म्हणाला. मी आभार मानले. गाडीत बसून एक पेढा खाल्लाही. चव लागली नाही. मग दुसराही खाल्ला, कारण घरी नेऊन काय सांगणार होते?

घरी येऊन मी लाडू वळले. दोन डबे भरून. अळिवाची खीर केली. मुलगी मुकाट्याने खायची. लहानपणी मेथीचा लाडू पुढे केला की पळून जाणारी पोर, आता सकाळी एक, संध्याकाळी एक, न बोलता खायची. मी म्हणायची, "खा, ताकद येईल," आणि ती खायची. रोज सकाळी मी तिला तेल लावायची, पाय रगडायची, कंबर शेकायची. शेगडी नव्हती, विजेची शेकायची उशी होती. एकदा मी तव्यावर ओवा आणि शेपा टाकून धुरी द्यायला गेले तर छतावरचा अलार्म बोंबलायला लागला. जावई धावत आला आणि टॉवेल घेऊन त्या अलार्मखाली वारा घालत उभा राहिला. उंच माणूस आहे, अमेरिकन, आयोवाच्या शेतकऱ्याघरचा. मला आईच म्हणतो. "इट्स ओके आई, इट्स ओके," म्हणत दहा मिनिटं टॉवेल हलवत होता. एरवी आम्ही तिघं हसून लोळलो असतो. त्या दिवशी अलार्म थांबल्यावर त्याने टॉवेल घडी करून ठेवला आणि तो आपल्या खोलीत गेला.

हे सगळं चालू असताना बाळाबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. काय विचारायचं असतं तेच मला माहीत नव्हतं. तेल लावताना दोघी खिडकीबाहेरचा बर्फ बघायचो. म्हणून नवव्या दिवशी जेव्हा तिने स्कायचं विचारलं, तेव्हा मी त्या प्रश्नावर तुटून पडले. चला, बोलायला काहीतरी सापडलं.

"मला दोन दिवस दे," मी म्हटलं. "नीट बघून सांगते."

"यू कम टू, आई," ती म्हणाली. "तू पण चल."

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. बरं म्हणजे, काहीतरी वाटलं. त्या दिवसांत तेवढं पुष्कळ होतं.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. लॅपटॉप उघडला, तक्ता केला. पाऊस किती दिवस, उजेड किती तास, वारा, चिलटं, राहायच्या जागा उघड्या की बंद. माझं काम दुसरं काय असतं? हजार गोष्टी तपासायच्या आणि कुठे बिघडेल ते आधी सांगायचं. दोन दिवसांत उत्तर माझ्या हातात होतं. मे. त्यातही पहिला पंधरवडा. त्या मानाने कोरडा, दिवस मोठा, झाडांखाली निळी फुलं, मेंढ्यांची कोकरं, आणि चिलटं अजून यायची असतात. जून आला की ती ढगासारखी येतात म्हणे, वारा पडला की माणूस डोळे उघडू शकत नाही. ऑगस्टमध्ये डोंगर रानफुलांनी जांभळे होतात, पण तोवर तिची शाळा सुरू. मे म्हणजे मे. मी तिला तेल लावता लावता हे सगळं सांगितलं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "व्हॉट अबाउट मार्च?"

"मार्च?" मी म्हटलं. "मार्चमध्ये स्कायला कोण जातं?"

"पीपल गो."

"कुणी जात नाही. वाऱ्याने माणूस उडून जाईल. निम्मी हॉटेलं बंद. चार पावलांवरचं दिसायचं नाही. अगं, इतके पैसे घालून जायचं आणि ढगात बसून यायचं?"

"हं," ती म्हणाली, आणि तिने कूस बदलली, म्हणजे मी दुसऱ्या पायाला तेल लावावं.

असं जवळजवळ दोन आठवडे चाललं. दर एक-दोन दिवसांनी ती मार्च म्हणायची आणि मी मे म्हणायची. मी तिला फोटो दाखवायची, मेमधले, ऊन पडलेले. ती बघायची आणि म्हणायची, "प्रिटी." एकदा म्हणाली, फर्स्ट वीक ऑफ मार्च तरी बघू. मी म्हटलं, "पहिला आठवडा म्हणजे तर अगदीच थंडी, शेवटचा तरी म्हण." तिने मान हलवली. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना तिला मार्चमध्ये, तुला काय करायचंय?" मी म्हटलं, तुला कळत नाही, तिने एकदाच जायचं तर चांगलं बघून यावं. खरं सांगायचं तर मला तो वाद हवा होता. त्यात मी बरोबर होते. त्या घरात मी ज्या एका गोष्टीत बरोबर होते ती तेवढीच होती, आणि मी ती सोडायला तयार नव्हते.

आता दुधाचं सांगते.

बाळंत झाल्यावर तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. येणारच. शरीराला कोण सांगणार? हॉस्पिटलने आधीच समजावून ठेवलं होतं, की घट्ट कपडे घाल, बर्फ लाव, काढू नकोस, दहा-पंधरा दिवसांत आपोआप थांबेल. ती फ्रिजमधून बर्फाच्या पिशव्या काढून छातीशी धरून सोफ्यावर बसायची. मी बघायची आणि स्वयंपाकघरात जायची. पंधरा दिवस झाले, थांबलं नाही. तीन आठवडे झाले. ती दिवसातून दोनदा टीशर्ट बदलायची आणि ओला टीशर्ट स्वतः धुवायची, मला हात लावू द्यायची नाही.

मी देवाला म्हणायची, हे तरी थांबव रे. आणि संध्याकाळी तिच्यापुढे लाडू ठेवायची.

माझ्या डोक्यात ते दोन्ही एकत्र आलेच नाही. एकदाही नाही. आज मी कुणाला हे सांगितलं तर ते म्हणतील, असं कसं होईल, तुला माहीत होतं की. हो, माहीत होतं. आमच्या घरातल्या शेंबड्या पोरीलाही माहीत असतं, अळीव कशाला देतात आणि मेथी कशाला देतात ते. पण मला ते बाळंतिणीचं खाणं म्हणून माहीत होतं. बाळंतीण समोर होती, मी खाणं देत होते.

चौथ्या आठवड्यात जावयाने नर्सला फोन लावला. दुपारची वेळ, आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो, फोन स्पीकरवर. नर्सचा आवाज अगदी मायाळू होता. ताप आहे का, दुखतं का, गाठ लागते का, सगळं विचारलं. मग म्हणाली, काही औषधी वनस्पती वगैरे घेते आहेस का? कधी कधी फेनुग्रीकसारख्या गोष्टींनी दूध वाढतं.

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिने फोनवर "नो" म्हटलं नाही, "येस" म्हटलं नाही. म्हणाली, "आय विल कॉल यू बॅक." जावयाने फोन बंद केला.

"आई," ती म्हणाली, "फेनुग्रीक म्हणजे मेथी ना?"

"हो."

"आणि ते लाल लाल बी, खिरीतलं?"

"अळीव."

"ते का देतात?"

मी खोटं बोलू शकले असते. ताकदीसाठी म्हटलं असतं, तेही खरंच होतं. पण माझं तोंड आपोआप बोललं. "दूध यावं म्हणून," मी म्हटलं.

जावयाला मराठी तेवढं कळत नाही, पण त्याला कळलं. मी उठले, ओट्यावरचा लाडवांचा डबा घेतला आणि कचऱ्याच्या डब्याकडे गेले. मुलगी उठून आली आणि तिने माझ्या हातातून तो डबा काढून घेतला. जोरात नाही, अगदी हळू. म्हणाली, "लीव्ह इट, आई. मी करते." मी बाजूला झाले.

ती ओरडली असती तर मी सहन केलं असतं. मला ओरडणं कळतं, मी स्वतःच आरडाओरडा करणारी बाई आहे. ती ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेलाची वाटी गरम करून तिच्या खोलीच्या दाराशी गेले तर ती म्हणाली, "टुडे नको." त्याच्या दुसऱ्या दिवशीही नको. तिसऱ्या दिवशी मी वाटी गरमच केली नाही. आम्ही जेवायला एकत्र बसायचो. ती "मीठ दे," म्हणायची, "थँक्स," म्हणायची. मेचं मीही काढलं नाही, मार्चचं तिनेही काढलं नाही. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आई, आय थिंक यू शुड गो होम फॉर अ व्हाइल. बाबा एकटे आहेत."

बाबा चांगला धडधाकट माणूस आहे, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतो. मी म्हटलं, "बरं."

आईला लेक बाळंतपणातून घरी पाठवते, असं आमच्या सात पिढ्यांत झालं नसेल. मी बॅग भरली. तेलाची बाटली निम्मी उरली होती, ती तिथेच ठेवली. निघताना तिने मला मिठी मारली. माझे हात तिच्या पाठीवर होते आणि मला कळत होतं की ही मिठी ती बाहेरच्यांना मारते तशी आहे, मध्ये हातभर अंतर ठेवून. काही दुखलं नाही त्या वेळी. नुसतं टिपून ठेवल्यासारखं लक्षात राहिलं.

जावई विमानतळावर सोडायला आला. वाटेत म्हणाला, की त्यांनी तिकिटं काढली आहेत, दोघांचीच, चार मार्चची. मग त्याने पुढचा रस्ता बघतच, अगदी सांभाळून, सांगितलं, की तिला सात तारखेला त्या घरात राहायचं नव्हतं. तो दिवस कुठेतरी लांब काढायचा होता. कुठेही चाललं असतं.

सात मार्च. डॉक्टरांनी दिलेली बाळंतपणाची तारीख.

आता हे मी कसं सांगू? ती तारीख मला माहीत होती. घरात सगळ्यांच्या आधी मी ती कॅलेंडरवर टाकली होती. माझ्या रजेचा अर्ज त्या तारखेवरून मोजून केला होता. विमानाचं तिकीट तिच्यावरून ठरवलं होतं. आणि दोन आठवडे ती पोर मला मार्च म्हणत होती, मार्चचा पहिला आठवडा म्हणत होती, आणि मी तिला चिलटांचे महिने सांगत होते. बाळाबद्दल ती माझ्याशी तेवढंच बोलली होती. तेवढं एकच बोलणं ती रोज माझ्यापुढे ठेवत होती आणि मी रोज ते हवामानाने खोडून काढत होते.

मी जावयाला म्हटलं, "मला कळायला हवं होतं."

तो म्हणाला, "यू वर टेकिंग केअर ऑफ हर, आई." भला माणूस. त्याने माझी बॅग उतरवली, आणि मी आत गेले.

सनीव्हेलला परत आल्यावर मी कामावर जायला लागले. काम चांगलं चाललं. लोक आपलेपणाने विचारायचे, मी "ठीक" म्हणायची. नवऱ्याला मी लाडवांचं सांगितलं. तो म्हणाला, "तिला फोन कर." मी केला. तिने उचलला, दोन मिनिटं बोलली. थंडी आहे, बरी आहे. आणखी दोनदा केला. तेच. मग मी तिच्या फोनची वाट बघायचं ठरवलं, आणि तो आला नाही. मला भीती वाटायला लागली की हे असंच राहील. वर्षानुवर्षं, मीठ दे, थँक्स, थंडी आहे, बरी आहे. माझ्या ओळखीत अशा मायलेकी आहेत. दिवाळीला फोटो पाठवतात एकमेकींना.

सात मार्चला मी नेहमीसारखी ऑफिसला निघाले. सकाळचे आठ वाजले होते, गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये लावली आणि उतरणार एवढ्यात फोन वाजला. तिचा.

"आई," ती म्हणाली. मागे प्रचंड आवाज होता, पत्रा फाटल्यासारखा.

"काय गं तो आवाज?"

"वारा. आम्ही गाडीत आहोत. आत्ता दोघांनी मिळून दार बंद केलं."

"डोंगर दिसला का?"

"नाही. वन्सही नाही. तीन दिवस नुसतं पांढरं आहे." मग म्हणाली, "इट्स ओके. मला काही बघायचं नव्हतं."

मी म्हटलं, "हो. मला कळलं ते. उशिरा कळलं." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आज सात तारीख."

पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता. मला वाटलं फोन कट झाला.

"आई, इट स्टॉप्ड," ती म्हणाली.

"वारा?"

"दूध. परवा थांबलं."

माझा जीव भांड्यात पडला. सात आठवडे मी ज्याची वाट बघत होते, जे माझ्यामुळे लांबलं होतं, ते एकदाचं झालं होतं. मी म्हटलं, "बरं झालं बाई. सुटलीस."

"नाही," ती म्हणाली. "बरं नाही झालं."

मग ती मराठीत बोलायला लागली. माझी मुलगी लहानपणापासून मी मराठीत बोलले की इंग्लिशमध्ये उत्तर देते, मध्ये एखादा शब्द आपला. त्या दिवशी ती अडखळत, शब्द शोधत, पण मराठीत बोलली. कदाचित शेजारी बसलेल्या नवऱ्याला कळू नये म्हणून असेल.

"मी ते लाडू टाकले नव्हते," ती म्हणाली. "फ्रीझरमध्ये लपवले. तू गेल्यावर रोज एक खात होते. त्याला माहीत नाही. मला माहीत होतं ते कशाचे आहेत, तू सांगितलंस तेव्हापासून. म्हणून खात होते. इथे पण आणले. ते एवढंच होतं आई, तिचं. दुसरं काहीच नाही माझ्याकडे. परवा थांबलं. काल एकच लाडू राहिला होता. तो पण खाल्ला. तरी नाही आलं."

मी गाडीत बसले होते. समोरून माझ्याच टीममधला एक मुलगा हात हलवून गेला, मीही हात हलवला. आणि मग मला रडू आलं. सात आठवड्यांत पहिल्यांदा. स्टीअरिंगवर डोकं ठेवून मी अशी रडले की पदर असता तर तोंडात कोंबला असता. ती पलीकडे रडत होती. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

मग मी विचारलं. त्या हॉस्पिटलच्या दिवसापासून जे विचारायचं धाडस मला झालं नव्हतं, ते. "कुणासारखी होती गं?"

"केस होते," ती म्हणाली. "खूप. काळे. तुझ्यासारखे कुरळे."

माझा हात आपोआप माझ्या केसांत गेला.

"मी येऊ का?" मी म्हटलं. "तू परत शिकागोला आलीस की लगेच येते. काय करून आणू?"

"काही आणू नकोस," ती म्हणाली. "तू ये."